अनुभव धागा: तीन फुटी कपाटात घरच्यांचं सगळं कसं बसवलंत?

मंडळी, आमचं वन बीएचके घर आहे, डोंबिवलीला. बेडरूममध्ये एकच लोखंडी कपाट. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, 19 इंच खोल. आजवर आम्हा दोघांचं आणि मुलीचं त्यात कसंबसं मावत होतं. पुढच्या महिन्यात सासूबाई गावाहून कायमच्या आमच्याकडे येताहेत. दुसरं कपाट ठेवायला भिंत नाही. आयुष्यभर स्वतःचं कपाट असलेल्या बाईला सत्तरीत पलंगाखालची बॅग ओढायला लावणं मला पटत नाही. त्यांना याच कपाटात नीट जागा द्यायची आहे.

परवा सगळं रिकामं केलं. 19 इंचांत घड्यांच्या दोन रांगा झाल्या होत्या आणि मागच्या रांगेत काय आहे याचा मला पत्ताच नव्हता. मुलीचा चौथीतला स्वेटर निघाला, ती आता आठवीत आहे. एकाच रंगाचे तीन परकर निघाले, कारण पहिला दिसेना म्हणून दुसरा आणला आणि दुसरा दिसेना म्हणून तिसरा. तुम्ही लहान कपाट कसं लावलंत ते सांगा. काय फसलं, तेही लिहा. वाचलेलं नको, करून पाहिलेलं हवं.

*

माझं लहानपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं. 160 चौरस फुटांची खोली आणि आम्ही सात जण. कपाट एकच, त्याला पाच खण. वडिलांनी नियम घातला होता: दोघांत एक खण आणि खणात मावेल तेवढेच कपडे. नवा शर्ट आला की जुना एक बाहेर. आई बाहेर काढलेल्याचे दोन ढीग करायची. सुती साड्या गोधडीसाठी, बाकीचं बोहारणीला. बोहारीण आली की दारात तासभर घासाघीस चालायची आणि एखादं स्टीलचं पातेलं घरात यायचं. सणाचे कपडे, लोकरीचे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत. ताई, कपाट लावण्याआधी कपाटात काय राहायचं ते ठरवा. आम्हाला जागा पुरली ती त्यामुळेच.

*

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतलं कपाट आहे, जेमतेम अडीच फूट रुंद. वर एक दांडी, तिच्यावर शर्ट आणि शर्टांच्या खाली नुसती हवा. हँगरला लावलेला शर्ट जास्तीत जास्त 40 इंच लांब असतो. म्हणून वरची दांडी जमिनीपासून 80 इंचांवर ठेवली आणि तिलाच दोन साखळ्या अडकवून दुसरी दांडी 40 इंचांवर लोंबकळती सोडली. भिंतीला भोक पाडायचं नव्हतं. त्याच जागेत दुप्पट कपडे बसले.

फसलं ते असं: आधी मी ताणून बसवायची पडद्याची दांडी लावली होती. चार जाकिटं टांगल्यावर रात्री अडीच वाजता सगळं खाली आलं. ती दांडी पडद्याचंच वजन पेलते. आणि जाड प्लास्टिकचे हँगर काढून पातळ घ्या, दांडीवर पाच-सहा शर्टांची जागा तेवढ्यानेच निघते.

*

डोंबिवलीच्या ताईंसाठी: तुमचं कपाट लोखंडी आहे ना, मग दाराला आतून चुंबकाचे हूक चिकटतात. ओढण्या, पट्टे, छोट्या पर्स तिथे टांगा. फक्त आतल्या फळीच्या कडेला दार अडत नाही ना, ते आधी बघा.

*

रत्नागिरी. आमच्याकडे जागेपेक्षा पावसाळा मोठा. कोंबून भरलेलं कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. जूनमध्ये भरलं आणि गणपतीला उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव आणि कपड्यांना कुबट वास. तीन गोष्टी मी कटाक्षाने करते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवत नाही, मागे चार बोटं जागा सोडते. इस्त्री केलेला कपडा पूर्ण गार झाल्याशिवाय आत जात नाही, कारण वाफ घडीतच राहते. आणि कोळशाच्या पुरचुंड्या प्रत्येक खणात. उघडीप मिळाली की कोळसाही उन्हात आणि कपाटाची दारंही सताड उघडी.

ओल शोषणारे डबे बाजारात मिळतात, ते कामही करतात, पण त्यांच्यात पाणी साठतं. माझा डबा वरच्या खणात कलंडला आणि खालच्या रेशमी साडीवर कायमचा डाग पडला. आईची साडी होती. डबा ठेवायचाच तर सगळ्यात खाली.

*

पावसाळ्यावरून आठवलं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकू नका. माझ्या भाच्याला काही दिवसांतच कावीळ झाली आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलं. त्याला जी6पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता निघाली. अशा बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळ आता छान आहे. आम्ही कडुनिंबाचा वाळवलेला पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या वापरतो.

*

पैठणीबद्दल लिहिते, कारण जागा वाचवायच्या नादात मी माझी लग्नातली पैठणी बिघडवली. उभी टांगली तर कमी जागा घेते म्हणून दोन वर्षं हँगरवर ठेवली. जरीच्या पदराचं वजन सगळं घडीच्या रेघेवर आलं आणि नेमकं तिथे रेशीम विरलं. जरीची साडी आडवीच ठेवायची, धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी काढून घडी फिरवायची. वर दुसऱ्या साड्यांचा थर नको. एवढी जागा तिला द्यावीच लागते, तिथे काटकसर करू नका.

रोजच्या सुती साड्या मात्र उभ्या रचा. पुस्तकं लावतो तशा, काठ वर. मधली ओढली तरी ढीग ढासळत नाही.

*

आम्ही टोकियोत राहतो. इथल्या जुन्या धाटणीच्या खोल्यांत ओशिइरे नावाचं भिंतीतलं कपाट असतं. साधारण सहा फूट रुंद, अडीच फुटांहून जास्त खोल आणि मधोमध एकच आडवी फळी. ते बनलंय दिवसा गाद्या घडी करून ठेवायला, कपड्यांना नाही. आल्या आल्या आम्ही खोक्यांवर खोकी रचली. मागचं खोकं काढायचं म्हणजे पुढची पाच बाहेर. हिवाळा आला तेव्हा कोट मागच्या भिंतीशी होते.

शेजारच्या आजींनी चाकांचे अरुंद रॅक दाखवले. कपाट जेवढं खोल तेवढे लांब, फूटभर रुंद. ओढला की मागचं टोक आपसूक हातात येतं. खाली आजी लाकडी पट्ट्यांची जाळी घालतात, म्हणजे गादीखालून हवा खेळते. इथे जून-जुलैत आपल्यासारखाच सतत पाऊस असतो, तेव्हा त्या जाळीची किंमत कळते. ताई, तुमच्या मागच्या रांगेवर हाच उपाय, फक्त लहान मापात.

*

हॉस्टेलला दोन फुटी लॉकर आहे. प्रवासाची मोठी बॅग रिकामी ठेवायची नाही, एवढंच सांगते. माझी रजई आणि घरी नेण्याचे कपडे तिच्यातच असतात.

*

धागा काढणारी मीच पुन्हा. सगळ्यांचे मनापासून आभार, काल रविवारी काम झालं. टोकियोच्या ताईंचं वाचून बाजारात टेप घेऊनच गेले. 17 इंच लांब आणि 8 इंच रुंद अशा प्लास्टिकच्या टोपल्या मिळाल्या, एका खणात शेजारी शेजारी चार. टोपली ओढली की मागचं पुढे येतं, दुसरी रांग उरलीच नाही. मुलीने स्वेटर स्वतः धुऊन खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीला दिला. माझ्या सात साड्या गोधडीला गेल्या, दोन देताना जीव तुटला.

सासूबाईंना मी सगळ्यात वरचा खण देणार होते, कारण तो सगळ्यात मोठा. नवरा म्हणाला, आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मग कमरेच्या उंचीचा आणि त्याखालचा, असे दोन खण त्यांचे. वरच्यात लुगडी, कारण त्या अजून नऊवारीच नेसतात आणि तिची घडी चांगली जाड होते. खालच्यात औषधं, शाल, चष्म्याची डबी. चोरकप्प्याची किल्लीही त्यांच्याकडेच.

फोनवर त्यांना सांगितलं तर क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "माझी देवाची पितळी पेटी बसेल का गं त्यात? नऊ इंच उंच आहे." मी मोजून आले. खण 13 इंचांचा आहे.