प्लास्टिकच्या शीटला भोक पाडताना: फोडलेल्यांनी अनुभव सांगा

देवघराला पुढून ५ मिमी ॲक्रिलिक लावायला घेतलं. तीन भोकं झकास पडली. चौथं पलीकडे निघता निघता कोपराच तुटून हातात आला. दुकानदार हसला. तर मंडळी, ज्यांनी शीटा फोडून शहाणपण मिळवलंय, त्यांनी इथे लिहा.

*

पलीकडे निघतानाच फुटते. ड्रिलचं साधं बिट धातूसाठी घासलेलं असतं, टोकाचा कोन ११८ अंश. शेवटच्या पातळ पापुद्र्यात ते आट्यांसारखं घुसतं आणि शीट वर खेचतं. मी जुन्या बिटाची धार पाणदगडावर घासून किंचित बोथट केली, आता ते खरवडत जातं. खाली फळी, दोन्हीला मिळून क्लॅम्प. हे बिट वेगळं ठेवा. आमच्या चिरंजीवांनी ते लोखंडावर चालवलं आणि वर बिटालाच शिव्या.

*

आमचं उलटं. रत्नागिरीला पडवीवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकले, भोकं पाडताना एकही तडा नाही. फॅब्रिकेटरने मात्र वॉशर चपटे होईस्तोवर स्क्रू आवळले, 'गळायला नको' म्हणून. मे महिन्यात दुपारी पत्रे कडकड वाजायचे. वर्षभरात स्क्रूपाशी चिरा. मग हिशोब मांडला: ३ मीटरचा पत्रा ३० अंशांनी तापला की सुमारे ६ मिमी वाढतो, खालचा लोखंडी पाइप जेमतेम १. पत्र्याला सरकायला जागाच नव्हती! नव्या पत्र्यांना ६ मिमीच्या स्क्रूसाठी १० मिमीची भोकं पाडली, वर रुंद ईपीडीएम (रबरी) वॉशर, आणि तो नुसता टेकेल इतकंच आवळलं. तीन पावसाळे झाले. एका जागी गळतं, पण ते कौलातून.

*

तापवलेला खिळा वापरू नका. भोक पडतं, घरभर वास सुटतो, कडेला फुगवटा येतो आणि पुढे तिथूनच तडकतं.

*

मी भोकं पाडून झाल्यावर ॲक्रिलिक स्पिरिटने पुसलं. प्रत्येक भोकाभोवती बारीक तड्यांचं कोळ्याचं जाळं. साबणाचं पाणी पुरे होतं.

*

कॅनडातून: डिसेंबरात गॅरेजमध्ये पीव्हीसी शीटला बिट टेकवलं, काचेसारखी फुटली. दुसरी रात्रभर घरात ठेवली, मग निमूट भोकं घेतली.

*

स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं बिट) घ्या. हळू चालवा, हॅमर बंद आहे ना बघा. आणि धागाकर्ते, भोक कडेपासून किती आत होतं?

*

८ मिमी. भोक ६ चं.

*

मध्य कडेपासून व्यासाच्या दुप्पट तरी आत हवा, म्हणजे १२. कोपऱ्यात आणखी.

*

कळलं. दुसरी शीट आणलीय, दुकान बदलून.