अनुभव धागा : घरच्या माणसासाठी विणलेले मोजे

दिवाळीनंतर लोकरीचे गुंडे घरोघरी निघतात, परंतु बहुतेकींचे विणकाम स्वेटर आणि टोपरे यांच्यापुढे जात नाही, कारण मोज्याची टाच भल्याभल्यांना नको वाटते. ज्यांनी नात्यातल्या कोणासाठी मोज्यांचा जोड विणला असेल, त्यांनी त्या पायासाठी नमुन्यात काय बदलावे लागले, हे कृपया सविस्तर लिहावे.

आर्वीकडील एक गाव, जिल्हा वर्धा

माझ्या मामंजींना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळव्यांची संवेदना कमी झाल्यामुळे मोज्याची शिवण किंवा गाठ बोचली तरी त्यांना ती कळत नाही. म्हणून मी बाजारचे मोजे टाळून 13 नंबरच्या पाच सुयांवर, चौपदरी लोकरीत, गोल विणायचे ठरवले. त्यांच्या तळव्याचा घेर 9 इंच भरला. एरवी मोजा घेरापेक्षा इंचभर कमी विणतात, म्हणजे तो पायावर नीट बसतो. मी मात्र अर्धाच इंच कमी केला. माझ्या हाताला इंचात साडेसात टाके बसतात, त्या हिशेबाने 64 टाके घातले आणि चार सुयांवर सोळा-सोळा वाटले. वरची दोन सुलट दोन उलटची पट्टी सैल ठेवली, कारण पोटरीवर वळ उठवणारा मोजा अशा पायाला चालत नाही. टाचेसाठी 32 टाक्यांवर पट्टी विणताना प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घेतला. त्या कडेच्या साखळीतूनच पुढे बाजूचे टाके उचलायचे असतात, आणि ती साखळी नीट असली की टाचेची निम्मी भीती जाते. बोटांकडचे शेवटचे टाके ओढून न बांधता जाड सुईने एकमेकांत ओवले, त्यामुळे आत कंगोरा राहिला नाही. मामंजी कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हेत, त्यांनी एवढेच विचारले, "दुसरा जोड केव्हा होते?"

अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया

आमच्या गोठणगावाजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे लोकरीच्या कामाची नवलाई इकडे कोणाला नाही. माझा धाकटा भाऊ हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री वावरात जातो, कारण पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते. गमबुटात पाणी शिरले की सुती मोजा थंडगार होऊन पायाला चिकटतो. अस्सल लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. स्वस्त गुंडा बहुधा ॲक्रिलिकचा असतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी वेष्टन वाचावे. टाचेला आणि बोटांना मी लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा घेतला, कारण बुटात मोजा तिथेच आधी विरतो.

अचलपूर तालुका, जिल्हा अमरावती

आईसाठी विणायचे होते, आणि आई चप्पल सोडत नाही. अंगठा वेगळा काढावा लागला : हातमोज्याचा अंगठा विणतात त्याच रीतीने तिथले टाके बाजूच्या धाग्यावर ठेवले आणि नंतर उचलून गोल विणले. खरी अडचण जोडव्यांची होती, कारण त्यांच्या कडेला लोकर अडकून टाका निघतो. जोडवी काढून ठेव, असे तिला सांगणे माझ्याच्याने झाले नसते. त्यामुळे बोटांचा भाग बारीक सुईवर घट्ट विणला, आणि जोडव्याच्या बोटापाशी एक टाका विणून एक उचलत गेले, म्हणजे पोत जाड होतो.

उमरेड तालुका, जिल्हा नागपूर

भाचीच्या बाळंतविड्यात मी मोजे दिले होते. तान्ह्या बाळासाठी जाळीचा नमुना घेऊ नये आणि आतले दोरे मोकळे सोडू नयेत, कारण दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही.

वर्धेच्या ताईंना एक विचारायचे आहे : मामंजींचे मोजे अस्सल लोकरीचे असतील तर ते घरी कोण धुते? गरम पाण्यात चोळले की लोकर आटते, आणि तुम्ही मोजून ठेवलेला अर्धा इंच पहिल्याच धुण्यात जाईल. थंड पाण्यात दाबून धुवावेत, न पिळता पंच्यात गुंडाळून पाणी काढावे आणि सावलीत पसरून वाळवावेत.