मदत हवी आहे : अपेंडिक्समध्ये जंत सापडले

सांजवेळ : अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. काल तपासणीचा अहवाल हाती आला आणि त्यात पोकळीत सूतकृमी आढळल्याचे लिहिले आहे. एकेचाळिसाव्या वर्षी जंत कसे होतात, आणि दुखणे त्यांच्यामुळेच होते का? डॉक्टरांची पुढची भेट दहा दिवसांनी आहे, तोवर मला धीर धरवत नाही.

रानवाट : अपेंडिक्सला सूज होती की नव्हती, हेच आपण लिहिलेले नाही. जंताचे औषध घेतले का? घरात लहान मूल आहे का?

कडुलिंब : गोड पूर्ण बंद करा आणि उपाशीपोटी लसूण खा. माझे जंत त्यानेच गेले.

रानवाट : गोड खाण्याने जंत होत नाहीत, अंडी पोटात गेल्याने होतात. मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, खाजवताना ती नखांत अडकतात आणि चादरीवर, कपड्यांवर दोन-तीन आठवडेही जिवंत राहतात. लसणाच्या भरवशावर कोणालाही ठेवू नका.

सांजवेळ : 'तीव्र दाह आढळला नाही' असे अहवालात आहे. औषध कोणी दिले नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. ती रात्री झोपेत खाजवते, पण मी ते घामोळे समजत होते.

काचपट्टी : मी प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली या जंताच्या आडव्या छेदात दोन्ही बाजूंना काट्यासारखी टोके दिसतात, त्यावरून तो ओळखू येतो. असे जंत असलेल्या कित्येक अपेंडिक्समध्ये दाह नसतोच. पोकळी अडून कळ येऊ शकते, परंतु दाह त्यांच्यामुळेच होतो की ते तेथे नुसते राहत असतात, यावर डॉक्टरांचे एकमत नाही.

कडुलिंब : माझ्या सर्जननी तर जंतांनाच दोष दिला होता.

काचपट्टी : तुमच्या अहवालात सूज असेल, यांच्या अहवालात नाही. शिवाय अपेंडिक्स काढल्याने आतड्यातले जंत जात नाहीत. अल्बेंडाझोलसारख्या औषधाने मोठे जंत मरतात, अंडी नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि तोही घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यायचा असतो. मुलीची खात्री करायची असल्यास सकाळी उठल्याबरोबर, शौच-अंघोळीपूर्वी, गुदद्वाराभोवती पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती तपासायला द्या. शौचाच्या तपासणीत हे जंत बहुधा निसटतात.

रानवाट : घरात कोणी गरोदर आहे का?

सांजवेळ : हो, जाऊबाईंना तिसरा महिना लागला आहे. हे आधीच लिहायला हवे होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोणतीही गोळी देणार नाही. दहा दिवस न थांबता उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.