एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षा माफ?

प्रश्न : मुलगी माटुंग्याला एसवायला आहे, एनसीसीत. बी परीक्षा (सी सर्टिफिकेटच्या आधीची पायरी) तोंडावर आलीय. सी सर्टिफिकेटवर लेखी न देता सैन्यात जाता येतं म्हणतात, खरं का?

उत्तर : लेखी माफ, एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत आणि चाचण्या) नाही. एनसीसी स्पेशल एन्ट्रीला, म्हणजे सी सर्टिफिकेटवरच्या या अधिकारी भरतीला, पदवीत किमान ५०% आणि सी परीक्षेत किमान बी ग्रेड हवी. सी ग्रेड मिळाली तर अर्जच बाद. वय १९ ते २५, अविवाहित.

उत्तर : ताई, आधी परेडची ७५% हजेरी सांभाळा. सबमिशनच्या दिवसांत पोरं हमखास तिथेच दांडी मारतात. कॅम्पशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

उत्तर : एनसीसीच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे ना, आत्ताच बघा. आपल्याकडे एका कागदावर आईचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं. नेमकं पडताळणीत अडतं.