‘प्रकाशसंवेदी चेतापेशी’ बरोबर की चूक?

खानापूरकर: पुतणीच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक मराठीत लिहून देतोय. विषय, उजेडानं चालणाऱ्या मेंदूपेशी वापरून मेंदू आणि यंत्र जोडणं. मी ‘प्रकाशसंवेदी चेतापेशी’ लिहिलं, बाईंनी खोडलं. पुस्तकात ‘संवेदी चेतापेशी’ म्हणजे इंद्रियांकडून मेंदूकडं निरोप नेणारी. वाचणाऱ्याला डोळ्यातलीच वाटेल. इथं पेशीला मुळात उजेड कळतच नाही. क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळाचं जनुक विषाणूमार्फत तिच्यात घालतात. त्यापासून पेशीपटलात प्रथिनाची दारं तयार होतात. मग निळा उजेड पडला की ती दारं उघडतात, सोडियम आत शिरतं आणि पेशी चेतते, म्हणजे निरोप सोडते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बॉयडेन, डायसेरॉथ या संशोधकांनी हे दाखवलं. नेमका शब्द कोणता?

टिळकवाडी: मज्जापेशी. मज्जातंतू, मज्जारज्जू असंच शिकलो की आम्ही.

शहापूरची मी: मज्जा हाडातली. आमच्या घरी रक्ताचा आजार होता, तेव्हा ‘मज्जा तपासा’ म्हटल्यावर सासूबाई मेंदूच समजून बसल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत.

येळ्ळूरकर: चेता ठेवाच. आजी चुलीत फुंकर घालून ‘चेतली बघ’ म्हणायची. चेतणं, चेतवणं, चेतना, सगळं एकाच मुळाचं. ‘प्रकाशचेत्य पेशी’ म्हणा.

निपाणी: चेत्य कोण बोलतं ओ? शीर म्हणा. शीर आखडली, शीर चमकली.

शहापूरची मी: शीर रक्ताचीही असते. कन्नडमध्ये नर म्हणजे ही नस, नरकोश म्हणजे ही पेशी. माझ्या मुलीला तेच पटकन कळतं.

टिळकवाडी: मराठीत नर म्हणजे पुरुष! इथं बेळगावात मराठी पाटीसाठी किती वर्षं झगडतोय आपण, आणि फलकावर कन्नड आपणच आणायचं? मला हे लागतं.

शहापूरची मी: मलाही मराठी तेवढीच जवळची आहे, दादा. अक्का, अडकित्ता कुठून आले?

खानापूरकर: फलक शुक्रवारी द्यायचाय. मेंदू-यंत्र ‘जोडणी’ या शब्दावरही बाई अडल्यात. उजेड सोडला की यंत्र पेशीला सांगतं. पण पेशीचं यंत्राला उजेडातूनच कळायला ती चेतल्यावर चमकणारं दुसरं प्रथिन लागतं. दोन्ही वाटा असल्या तरच जोडणी म्हणावं, असं त्या म्हणतात. मला पटतंय.

येळ्ळूरकर: अडकित्त्याला आमचे शेजारी ‘अडकोत्तु’ म्हणतात. अडके म्हणजे सुपारी. ‘कोत्तु’ म्हणजे तोडणं का?

निपाणी: चिकोडीकडं मी वेगळंच ऐकलंय. उद्या मामांना विचारून सांगतो.