मदत हवी आहे : धामणीच्या धनुष्याच्या पाठीला अस्तर कशाचे द्यावे?

नमस्कार. धामणीच्या लाकडाचे एक साधे लांब धनुष्य मी हाताने घडवत आहे. लांबी ६८ इंच असून २८ इंच ओढीला साधारण ३५ पौंड जोर मिळावा, अशी अपेक्षा आहे. कोकणातल्या दमट हवेत लाकडी धनुष्य वापरणाऱ्यांचा सल्ला मला विशेष मोलाचा वाटेल.

दांडा वखारीतल्या फळीतून काढलेला असल्यामुळे पाठीवर (नेम धरताना लक्ष्याकडे असणाऱ्या बाजूवर) एकच वाढवलय टोकापासून टोकापर्यंत सलग मिळत नाही, आणि वरच्या भुजेत (धनुष्याच्या मुठीवरच्या अर्ध्या भागात) मुठीपासून वीतभर अंतरावर लाकडाच्या रेषा तिरक्या होऊन कडेला बाहेर पडतात. धनुष्य ओढताना पाठ ताणली जाते व पोट, म्हणजे धनुर्धराकडची बाजू, दाबले जाते. त्यामुळे अशा तुटक रेषेवर पाठीचे छिलके उचलले जाऊन भुजा मोडण्याची भीती आहे. धामण चिवट असते, कुऱ्हाडीच्या दांड्यांना ती वापरतात, तरीही या जागी अस्तराशिवाय पुढे जाणे मला धोक्याचे वाटते.

कंडरांचे (जनावरांच्या स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांचे) तंतू सरसात भिजवून बसवण्याची तुर्की आणि मध्य आशियाई पद्धत मला फार आवडते, कारण हे तंतू लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणले जातात आणि वाळताना आकसून भुजेला उलटा बाकही देतात. परंतु सरस आणि कंडरा दोन्ही हवेतला ओलावा शोषतात, म्हणून जून ते सप्टेंबरचा विचार करता तो पर्याय मी बाजूला ठेवला आहे. तबला-ढोलकी मढवणाऱ्यांकडे बकऱ्याचे न कमावलेले कातडे मिळते. ते छिलके दाबून धरील, पण त्यालाही ओल लागतेच. रेशमी किंवा जवसाच्या धाग्याचे कापड हलके असते, मात्र त्याचा एक थर इतक्या तिरक्या रेषेला पुरेल का?

माझा कल बांबूकडे आहे. माणगा जातीच्या बांबूच्या सालीलगत तंतू सर्वांत दाट असतात आणि ताण सोसण्यात ते धामणीला भारी ठरावेत. अडचण अशी की पट्टी जाड राहिली तर पाठ पुरेशी ताणली जात नाही, सगळा भार पोटावर येतो आणि तिथे आडव्या बारीक चिरा पडतात. म्हणून कडेला दीड ते दोन मिलिमीटर जाडी ठेवून पाठ पोटापेक्षा थोडी अरुंद करावी, असे मी ठरवत आहे. धामणीवर बांबू बसवलेल्या कुणी हे प्रमाण योग्य आहे का, ते कृपया सांगावे. पेरांचे उंचवटे किती घासावेत? चिकटवण्यासाठी इपॉक्सी बरे की जलरोधक लाकडी गोंद, आणि गोंदातले पाणी लाकडात मुरत असल्यास भुजा वाकवण्यापूर्वी किती दिवस सुकू द्यावे?

कापड टिलरिंग (दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून पोट थोडे थोडे तासणे) झाल्यावरही लावता येते, बांबू मात्र त्याआधीच बसवावा लागतो. त्यामुळे उत्तरे मिळेपर्यंत मी पोटावर कानस चालवलेली नाही.