वॉटसन यांनी मन नाकारले, की मन पाहण्याची रीत?

मृण्मयी_एमए

नमस्कार. मी एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे आणि विचारसंप्रदायांच्या पेपरची तयारी करताना वर्तनवादापाशी (मनाऐवजी बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासावे असे मानणारा संप्रदाय) अडकले आहे. त्याचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी १९१३ च्या लेखात मांडले की मानसशास्त्र ही नैसर्गिक विज्ञानाची वस्तुनिष्ठ, प्रायोगिक शाखा असून वर्तनाचे पूर्वकथन आणि नियंत्रण हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि अंतर्निरीक्षण (स्वतःच्या मनात डोकावून तिथे काय चालले आहे ते सांगणे) हा तिच्या पद्धतींचा आवश्यक भाग नाही. इथपर्यंत समजते. मात्र आमच्या नोट्समध्ये पुढच्याच ओळीत ‘वर्तनवाद्यांनी मनाचे अस्तित्व नाकारले’ असे येते, आणि सात वर्षांनी हेच वॉटसन एका बाळाच्या भीतीवर प्रयोग करताना दिसतात. मन नाकारणाऱ्याने भीती कशी अभ्यासली? शिवाय टीकाकार म्हणून सगळीकडे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांचेच नाव येते. त्यांचे परीक्षण १९५९ चे, आणि तेही नंतरच्या पिढीतले वर्तनवादी स्किनर यांच्या पुस्तकाचे. वॉटसन यांना त्यांच्या हयातीत कोणी अडवलेच नव्हते का?

जुनी_प्रयोगशाळा

तुमच्या नोट्सनी दोन निराळी विधाने एका ओळीत कोंबली आहेत. मी अनेक वर्षे हा पेपर शिकवला आणि उत्तरपत्रिकांत हीच गफलत दरवर्षी पाहिली, त्यामुळे दोष एकट्या तुमच्या नोट्सचा नाही.

१९१३ चे विधान पद्धतीविषयी होते. त्यामागे कोणते भांडण होते ते पाहा. विचार करताना मनात प्रतिमा असतेच का, या प्रश्नावर जर्मनीतल्या वुर्झबर्गचे निरीक्षक प्रतिमेशिवायही विचार असतो असे सांगत होते, तर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ टिचनर आणि त्यांचे विद्यार्थी ते मानायला तयार नव्हते. दोन्हीकडचे निरीक्षक प्रशिक्षित, दोघेही प्रामाणिक, आणि निवाडा करायला तिसरा कोणी आत डोकावू शकत नव्हता. भौतिकशास्त्रात प्रयोग फसला की उपकरण तपासतात. इथे मात्र ‘तुमचे अंतर्निरीक्षण कच्चे आहे’ असे सांगून विषय संपत असे, ही वॉटसन यांची खरी तक्रार होती. एकाहून अधिक लोकांना पाहता येईल तेच विज्ञानाचे साहित्य, एवढी त्यांची अट होती आणि ती मला आजही रास्त वाटते.

पुढे मात्र त्यांचा पाय घसरला. १९२० च्या दशकात ते जाणिवेची कल्पनाच आत्म्यासारखी जुनी अंधश्रद्धा आहे असे लिहू लागले. ‘पाहता येत नाही म्हणून अभ्यासू नका’ इथून ‘पाहता येत नाही म्हणून ते नाहीच’ इथवरचा हा प्रवास कोणत्याही प्रयोगाने घडवलेला नव्हता.

चौकस_वाचक

भीतीबद्दल थोडे सांगतो. वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल मुळातून वाचावा, कारण त्यात ‘भीती’ या शब्दाच्या जागी हालचालीच दिसतात. सुमारे अकरा महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या डोक्यामागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला जाई. पहिल्या वेळी तो दचकून पुढे कोसळला आणि त्याने गादीत तोंड खुपसले, पण रडला नाही. दुसऱ्या वेळी कुरकुरू लागला. आठवड्याने उंदीर आणि आवाज यांच्या आणखी पाच जोड्या दिल्यावर नुसता उंदीर दिसताच तो रडत वळला, पडला आणि इतक्या वेगाने रांगत सुटला की टेबलाच्या कडेला पोचण्याआधी त्याला धरताना तारांबळ उडाली. त्यांच्या लेखी भीती म्हणजे एवढेच, आणि पद्धत म्हणून त्यात विसंगती नाही.

टीका करायचीच तर दुसरीकडे करावी. मूल एकच होते, प्रतिक्रिया वाचणारे स्वतः प्रयोगकर्तेच होते, आणि ती भीती काढून न टाकताच मुलाला जाऊ दिले. त्या अहवालातली एक नोंद क्वचितच कोणी सांगतो: अल्बर्ट अंगठा चोखू लागला की उंदराचा परिणामच होईना, म्हणून अपेक्षित प्रतिसाद मिळवण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडातून अंगठा काढावा लागला.

भूलभुलैया

अडवणारे होते, आणि लवकर होते. १९२४ मध्ये वॉशिंग्टनला मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकडूगल यांचा वॉटसन यांच्याशी जाहीर वाद झाला. मॅकडूगल यांचा प्रश्न साधारण असा होता: मंचावर एक माणूस मांजराच्या आतड्यांवर घोड्याच्या शेपटीचे केस घासतो आहे, समोर हजार माणसे निश्चल बसली आहेत आणि अखेरीस टाळ्यांचा कडकडाट करतात, संगीताच्या आनंदाचे नाव न घेता हे कसे समजावणार? (म्हणजे तो माणूस व्हायोलिन वाजवतो आहे.)

मला त्याहून जड वाटते ती घरातूनच झालेली टीका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवीत. १९३० मध्ये त्यांनी आणि हॉन्झिक यांनी काही उंदरांना दहा दिवस अन्नाशिवाय चक्रव्यूहात फिरू दिले आणि अकराव्या दिवसापासून शेवटी अन्न ठेवले. लगेच या उंदरांच्या चुका पहिल्यापासून अन्न मिळणाऱ्या उंदरांइतक्या कमी झाल्या. म्हणजे ते रस्ता आधीच शिकले होते, फक्त दाखवत नव्हते. वर्तन न बदलताही अध्ययन होते हे वर्तनच मोजून सिद्ध झाले, आणि ते शिकलेले मधल्या काळात कुठे होते, याचे उत्तर केवळ उद्दीपक (प्रतिसाद घडवणारी बाहेरची गोष्ट) आणि प्रतिसाद यांच्या साखळीतून देता येईना.

विचार म्हणजे मुख्यतः स्वतःशी निःशब्द बोलणे, म्हणजेच बोलण्याच्या स्नायूंच्या सूक्ष्म हालचाली, हे वॉटसन यांचे मत १९४७ मध्ये अडचणीत आले. एका डॉक्टरने क्युरारे हे स्नायू लुळे करणारे द्रव्य टोचून घेऊन सारे ऐच्छिक स्नायू लुळे करून घेतले. श्वासही कृत्रिम द्यावा लागला, तरी तो पूर्ण शुद्धीवर होता आणि त्या अवस्थेत काय काय घडले ते त्याने नंतर सांगितले. गंमत अशी, की हा पुरावा अंतर्निरीक्षणाचाच आहे.

मृण्मयी_एमए

सर्वांचे मनापासून आभार. दोन विधाने वेगळी ठेवूनच उत्तर लिहीन. अंगठ्याच्या नोंदीचे मात्र कुतूहल वाटते. तिचा पुढे कोणी उपयोग केला का?

चौकस_वाचक

वॉटसन यांनी त्या नोंदीवरून फ्रॉइडवाद्यांना टोमणा मारला आणि तिथेच सोडून दिले. थेट वारसा आहे असे म्हणणार नाही, पण भीतीच्या जोडीला सुखावणारे काही देण्याची युक्ती १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांच्या कामात दिसते, आणि त्या कामात वॉटसन यांचा सल्ला होता. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ देत आणि त्याच्या खाण्यात खंड पडणार नाही इतक्याच अंतरावर सशाचा पिंजरा आणीत. ते अंतर हळूहळू कमी होत गेले, आणि अखेरीस पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.